‘परदेशस्थ’ वादकाचं स्वागत कुठल्या शब्दांत करायचं?

खर्जातला : आमच्या गिटारवाल्यांच्या गोतावळ्यात स्पेनचा एक फ्लामेंको (तिथलं पारंपरिक गाणं-नाच-गिटार) वाजवणारा सामील होतोय. मराठी शिकतोय, म्हणून स्वागताच्या दोन ओळी मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं : ‘परदेशस्थ गिटारवादक मित्राचे आपल्या समुदायात सुस्वागतम्.’ एका मित्राने वाचून सांगितलं, ‘परदेशस्थ’ चूक, ‘समुदाय’ सरकारी, ‘सुस्वागतम्’ अशुद्ध. उरलं काय मग? मला निदान पहिल्या दोन शब्दांना पर्याय सुचवा.

तिरपी रेघ : ‘परदेशस्थ’ म्हणजे आपलाच, पण बाहेर राहणारा. परदेशस्थ भारतीय, परदेशस्थ मराठी माणूस. स्पेनचा माणूस स्पेनमध्येच राहतो, तो परदेशस्थ कसा? ‘परदेशी’ लिहा नि मोकळे व्हा.

काना मात्रा : ‘स्थ’ म्हणजे फक्त ‘असणारा, राहणारा’. तटस्थ, मार्गस्थ, गृहस्थ. ‘आपला’ हा अर्थ शब्दात कुठेच नाही.

तिरपी रेघ : शब्दात नाही, वापरात आहे. फोड करूनच अर्थ लावायचा तर घरातलं मांजरसुद्धा गृहस्थ.

सहज : पण ‘परदेशी’त ‘पर’ आहेच की. ज्याला आपल्यात घ्यायचं त्याला पहिल्याच ओळीत परका ठरवायचं? ‘पाहुणे वादक’ म्हणा, गोड वाटतं.

जुनी सतार : पाहुणा जातो हो. माझ्या गुरुजींकडे एक परदेशी बाई शिकायला होत्या. गुरुजी कौतुकाने सगळ्यांना सांगायचे, ‘या आमच्या पाहुण्या.’ कित्येक वर्षं गेली, बाई शिकवायलाही लागल्या, ओळख तीच. एकदा भर बैठकीत त्या मराठीत म्हणाल्या, ‘गुरुजी, मी अजून पाहुणीच?’ गुरुजी बराच वेळ तंबोऱ्याच्या खुंट्याच पिळत बसले. तेव्हा पाहुणा नको. ‘स्पेनहून आलेले’ लिहा, तक्रारच नाही.

तिरपी रेघ : आलेत कुठे? घरी बसूनच सामील होणार ना? ‘स्पेनचे’ पुरे.

चिमटी : खर्जातले, एक विचारते. प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यात तुम्ही ‘गोतावळा’ लिहिलंत. स्वागत लिहायला बसल्यावर ‘समुदाय’ कुठून आला?

खर्जातला : गोतावळा घरगुती वाटला. लेखी मजकुरात जरा भारदस्त हवं ना.

चिमटी : तिथेच मराठीचं घोडं अडतं. बोलताना गोतावळा, लिहिताना समुदाय.

काना मात्रा : गोतावळा म्हणजे सगेसोयरे. गोत्रावरून गोत, त्यावरून गोतावळा. रक्ताचं नातं नसलेल्यांना तो शब्द लावणं ही ढिलाई आहे. ‘मंडळ’ हा स्वच्छ शब्द असताना कशाला?

तिरपी रेघ : पुस्तकांचा गोतावळा, मित्रांचा गोतावळा हे सर्रास चालतं. पुस्तकांची सोयरीक कुणी जुळवली होती?

सहज : ‘घराणं’ कसं वाटतं? ‘आमच्या घराण्यात स्वागत.’

जुनी सतार : अहो, घराण्यात स्वागत नसतं, तालीम असते.

काना मात्रा : ‘सुस्वागतम्’ सगळे सोयीस्करपणे विसरले. सु + आगत = स्वागत. चांगलं येणं त्यात आहेच, वर आणखी ‘सु’ कशाला? गाईचं गोमूत्र आणि पिवळा पीतांबर यांच्याच रांगेतला शब्द.

चिमटी : पीतांबर आता पिवळाच असतो असं कुठे आहे? कुणी ‘लाल पीतांबर’ म्हटलं तर आपण समजून घेतो ना. ‘स्वागत’मधला ‘सु’ कुणाला ऐकूच येत नाही, म्हणून लोकांनी नवा लावला. भाषा अशीच चालते.

काना मात्रा : भाषा चालते, घसरतेही.

खर्जातला : बरं, ‘गिटारवादक’ तरी चालेल ना? मित्राने त्याला हात लावला नव्हता.

सहज : ‘गिटारपटू’?

तिरपी रेघ : पटू म्हटलं की मैदान, पंच नि शिट्टी डोळ्यांसमोर येतात. गिटारिस्ट म्हणा सरळ. तो स्वतःला ‘गितार्रिस्ता’च म्हणत असणार.

जुनी सतार : सतारिया, बीनकार, तबलजी अशी आपली चाल आहे. ‘तबलजी’तलं ‘जी’ आदराचं नाही बरं का. तोफची, मशालची यांतला ‘ची’ हा तुर्की प्रत्यय; तबलचीचा तबलजी झाला. गंमत बघा, शेवटी ‘जी’ असूनही पुष्कळ तबलेवाल्यांना तो शब्द हलका वाटतो.

सहज : मुळात गिटार आपलाच शब्द असावा असं मला फार दिवस वाटतंय. गीत + तार = गिटार. सतार म्हणजे सात तारा, तसंच.

जुनी सतार : दोन्ही नाही. सतार हा फारसी ‘सेहतार’, म्हणजे तीन तारा. आज तरफा, म्हणजे खाली आपोआप झंकारणाऱ्या तारा, धरून १८ ते २१ तारा असतात, नाव बिचारं तिनावरच थांबलंय. गिटारचं मूळ ग्रीक ‘किथारा’, तिथून अरबीमार्गे स्पॅनिश ‘गितार्रा’. शेवटची ‘तार’ हा निव्वळ योगायोग.

सहज : योगायोग म्हणा. मी गीत-तारच म्हणणार.

खर्जातला : त्या स्पॅनिश मित्राकडून एक मजेदार शब्द कळला. आपल्या कॅपोला, म्हणजे सूर चढवायला दांडीवर तारांवर आवळतात त्या चिमट्याला, तो ‘थेहिया’ म्हणतो. शब्दशः छोटी भुवई.

काना मात्रा : वा! आणि आपण ‘कॅपो’ म्हणत बसलोय, तोही मूळ इटालियन ‘कापोतास्तो’चा तुकडा. दांडीच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्याला आपल्याकडे ‘मेरू’ म्हणतात. कॅपो म्हणजे ‘सरकता मेरू’. तारा छेडायच्या पिकला ‘नखी’, दांडीवरच्या आडव्या पट्टीला, म्हणजे फ्रेटला, ‘पडदा’.

जुनी सतार : पडदा एकदम मान्य. नखी नाही. नखी बोटात घालतात, पिक चिमटीत धरतात. बोटात न घालता नखी म्हणणं हाताला कळत नाही.

चिमटी : आणि ‘पडदा’ फारसी आहे, काना मात्रा. तो कसा चालला?

काना मात्रा : तो रुळला.

चिमटी : मग कॅपोलाही रुळू द्या थोडा.

तिरपी रेघ : मला वेगळाच प्रश्न पडलाय. गिटार ती, यावर एकमत दिसतं. सतार ती, वीणा ती, सारंगी ती; स्पॅनिशमध्येही स्त्रीलिंगीच. पण अनेकवचन काय? दोन गिटारी की दोन गिटारा?

काना मात्रा : गिटारी. सतार-सतारी, तलवार-तलवारी.

सहज : तार-तारा त्याच चालीचा आहे की. माझ्या गीत-तारेप्रमाणे गिटाराच व्हायला हवं.

खर्जातला : आमच्यात सगळे ‘दोन गिटार’ म्हणतात. अनेकवचन करायची वेळच येत नाही.

चिमटी : येते की. तारा बदलायला काढल्यावर काय म्हणता?

खर्जातला : ‘गिटारच्या तारा बदलायच्यात.’

चिमटी : एका की दोन्हींच्या?