शब्दचर्चा : भ्रूणमूलपेशी, गर्भपेशी, नाळपेशी

प्रश्न : ‘एम्ब्रियॉनिक स्टेम सेल’साठी कुठे ‘भ्रूणमूलपेशी’, कुठे ‘गर्भपेशी’, तर जाहिरातींत ‘नाळेतील मूलपेशी’ असं दिसतं. अर्थ एकच का? ‘स्कंधपेशी’चं काय?

प्रतिसाद १ : स्कंधपेशी म्हणजे मूलपेशीच (स्टेम सेल), फरक नाही : स्वतः वाढत राहून इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणारी पेशी. नाळेतल्या मात्र वेगळ्या. त्या मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या, बाळंतपणानंतर नाळेतल्या रक्तातून घेतलेल्या. त्यात भ्रूणाचा संबंधच नाही. भ्रूणमूलपेशी मिळतात फलनानंतर पाच-सहा दिवसांच्या ब्लास्टोसिस्टमधून. हा शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा. बाहेरच्या थराची पुढे वार (प्लॅसेंटा) होते. आतला पुंजका काढून बशीत वाढवतात. पुंजका काढला की भ्रूण संपतो, आणि सगळा वाद तिथेच आहे. 1998 साली विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटाने असे 14 पुंजके काढले. त्यांतून 5 सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारे पेशींचे वंश) मिळाल्या.

प्रतिसाद २ : ‘गर्भपेशी’ बादच करा. फलनानंतर आठ आठवडे भ्रूण, पुढे गर्भ. घोळ घातलाय ‘स्त्रीभ्रूणहत्या’ने. सोनोग्राफीत लिंग कळतं तोवर तो गर्भ झालेला असतो. (कायदा ‘गर्भलिंगनिदाना’चा, ते नाव बरोबर.) त्या शब्दामुळे ‘भ्रूण’ म्हटलं की हातपाय असलेलं बाळच डोळ्यांपुढे येतं. म्हणून ‘पाच दिवसांचा भ्रूण’ असं वयासकट लिहावं.

प्रतिसाद ३ : वय जरूर लिहा, पण त्याने वाद मिटला असं समजू नका. ज्यांना फलनापासूनच माणूस दिसतो, त्यांच्या लेखी पाचवा दिवस काय नि पन्नासावा काय. भ्रूण प्रयोगशाळेत 14 दिवसांपर्यंतच वाढवायचा, ही मर्यादा हा व्यवहारी तोडगा आहे. त्या सुमारास प्राथमिक रेखा (शरीराची घडण जिथून सुरू होते ती रेघ) उमटते; तोवर एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात. ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने 1984 मध्ये ती सुचवली, 1990 मध्ये कायद्यात आली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही 14 दिवस किंवा प्राथमिक रेखा, जे आधी होईल ते, असंच आहे. आणि ‘टाकाऊ भ्रूण’ लिहू नये. आयव्हीएफनंतर (शरीराबाहेर केलेलं फलन) उरलेला तो ‘अतिरिक्त भ्रूण’. दांपत्याच्या लेखी संमतीशिवाय संशोधनाला घेता येत नाही.

प्रतिसाद ४ : ‘या पेशींपासून अख्खं मूल होतं’ हेही चूक. फलित अंडं सर्वक्षम, म्हणजे त्यापासून वारेसकट अख्खं मूल होऊ शकतं. पुंजक्यातल्या पेशी बहुक्षम. शरीरातली कुठलीही ऊती त्या करतील, पण स्वतःची वार करून गर्भाशयात रुजणार नाहीत. याच बहुक्षमतेचा धोका म्हणजे रूपांतर न झालेल्या पेशी रोग्याच्या अंगात गेल्या तर टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते.

प्रश्नकर्ता : मग जपानी शास्त्रज्ञ यामानाकांच्या पेशी आल्यावर भ्रूण लागतोच कशाला?

प्रतिसाद ४ : त्या ‘प्रेरित बहुक्षम मूलपेशी’; 2006 मध्ये उंदराच्या, 2007 मध्ये माणसाच्या, त्वचेतल्या पेशींपासून केलेल्या. पुष्कळ कामं त्यांनी भागतात, सगळी नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहावर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भ्रूणमूलपेशींपासून केलेल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंड-पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून दिल्या. पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 पैकी 10 जणांना वर्षाअखेर बाहेरून इन्शुलिन लागत नव्हतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र चालूच ठेवावी लागतात. तेव्हा बातमीत ‘मधुमेह बरा’ असा मथळा नको.