मोबाइलवर रात्रीचा प्रसंग: चित्रात पट्टे, आवाज मागे-पुढे

रानवाटा
आठ मिनिटांचा लघुपट करायचा आहे. स्वयंपाकघर, रात्र, दोन पात्रं. अँड्रॉइड फोन, त्यातलंच कॅमेरा ॲप, ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे चित्रं). चाचणीत दोन भानगडी दिसल्या. एलईडी ट्यूबच्या उजेडात भिंतीवर काळपट पट्टे सरकतात, आणि लांब टेकच्या शेवटी शेवटी ओठ आणि शब्द जुळत नाहीत. आवाज दुसऱ्या फोनवर कॉलर माइकने घेतला आहे. नवा फोन घेणं शक्य नाही.

पडद्यामागे
नव्या फोनची गरजही नाही. पट्टे शटरमुळे येतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो त्यामुळे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये ही लुकलुक पूर्ण मावते आणि पट्टे जातात. १/६० ला अर्धवट मावते. प्रो व्हिडिओ मोडमध्ये २५ एफपीएस, १/५० लावा. तो मोड नसेल तर शटर हाताने लावता येईल असं ॲप शोधा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे, पण अँड्रॉइडवर मोजक्याच फोनना चालतं. एलईडी डिमरवर असेल तर पूर्ण उजेडावर ठेवा. मंद केल्यावर लुकलुकण्याचा वेग बदलू शकतो आणि वरचं गणित फसतं.

खरं तर रात्रीच्या प्रसंगात ट्यूब बंदच करा. डोक्यावरच्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ओट्याच्या बाजूने ९ वॉटचा एक पिवळा बल्ब, त्याच्यापुढे हातभर अंतरावर बटर पेपर, समोरून उजेड परतवायला थर्माकोलची पांढरी शीट. मग व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल), फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) तिन्ही लॉक. ऑटोवर ठेवलंत तर पात्र दिव्यासमोरून गेलं की भिंतीचा रंग बदलणार. उजेड कमी पडला तर बल्ब जवळ आणा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढवू नका. मेन लेन्सच वापरा, अल्ट्रावाइड अंधारात फार दाणेदार दिसते.

कानसेन
आवाजाचं आधी निदान करा. शूटिंगच्या फोनचा स्वतःचा आवाजही संपादनात ओठांपासून सरकतोय का? सरकत असेल तर फोन फ्रेम रेट बदलता ठेवतोय. कमी उजेडात ३० चे २४ करणं ही फोनची जुनी खोड. काही फोनच्या सेटिंगमध्ये ऑटो एफपीएस असतं, ते बंद करा. झालेलं फुटेज हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (न बदलणारा) फ्रेमरेट निवडून काढा आणि तेच संपादनाला घ्या.

फक्त दुसऱ्या फोनचाच आवाज सरकत असेल तर दोन फोनच्या घड्याळांतला फरक. दहा मिनिटांत एखाद-दोन फ्रेम इतकाच असतो. चित्र आणि आवाज जुळवायला प्रत्येक टेकला टाळी वाजवा, टेक दोन-तीन मिनिटांचे ठेवा, प्रश्न मिटला. आवाजाचं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर (सेकंदाला ४८ हजार नमुने). दोन्ही फोन फ्लाइट मोडवर.

माइक हनुवटीखाली वीतभर, कापडाच्या आतून टेपने चिकटवलेला. सिंथेटिक साडी घासते, सुती घ्या. कॅमेऱ्यासाठीच्या माइकचा दोनच काळ्या रेघांचा जॅक बहुतेक फोन ओळखत नाहीत; तीन रेघांचा लागतो. स्वयंपाकघरात टाइल्समुळे आवाज घुमतो, चित्राच्या चौकटीबाहेर दोन गोधड्या टांगा. पंखा बंद, फ्रिज बंद. (फ्रिजमध्ये गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही.) शेवटी सगळ्यांना गप्प करून रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज घ्या, कापाकापीच्या जागा बुजवायला तोच लागतो.

रानवाटा
शटर १/५० केलं, पट्टे गेले! एक प्रसंग दुपारी गच्चीवर आहे. तिथे १/५० ठेवलं की सगळं पांढरंफटक.

पडद्यामागे
बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र लहान होत नाही, म्हणून एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लागतो. छिद्र एफ १.८ आणि आयएसओ ५० असताना भर उन्हात शटर १/४००० च्या आसपास मागतं. तिथून १/५० वर यायला साधारण सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एनडी ६४. क्लिपचा चालेल, फक्त तो शेजारच्या लेन्सवर सरकणार नाही हे बघा. व्हेरिएबल (फिरवून कमीजास्त होणारा) एनडी शेवटपर्यंत फिरवला की चित्रावर काळी फुली उमटते. फिल्टर नसेल तर उन्हात लुकलुकीचा प्रश्नच नाही, शटरचा वेग वाढवा. हालचाल जरा तुटक दिसेल, बसून बोलायचा प्रसंग असेल तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.