आयएलओ-३ चा डीओएस बग: सर्व्हर तर चालूच राहतो, मग अपडेट करायचं का?

नाशिकचा_अ‍ॅडमिन:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे एचपीचे जुने जी-७ प्रोलायंट सर्व्हर आहेत, मशीन्स नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि आम्ही बसतो नाशिकला. ऑडिटच्या रिपोर्टमध्ये आयएलओ-३ (सर्व्हर दुरून सांभाळायची त्यातलीच चिप) च्या १.८८ फर्मवेअरवर सीव्हीई-२०१७-८९८७ (बगचा नोंद क्रमांक) आलाय, डिनायल ऑफ सर्व्हिस (डीओएस), म्हणजे बाहेरून सेवा ठप्प पाडता येते. साहेब म्हणतात यात डेटा चोरीला जात नाही, आयएलओ लटकला तरी सर्व्हर चालूच राहतो, मग चांगल्या चाललेल्या मशीनला हात कशाला लावायचा. मला पटत नाहीये, पण त्यांना सांगू काय?

रॅकवाला:
सर्व्हर चालू राहतो हे खरंय, आयएलओची चिपच वेगळी, स्टँडबाय पॉवरवर चालते, ओएसला पत्ताही लागत नाही. पण बग किती सोपाय बघा ना, रॅपिड७ या सिक्युरिटी कंपनीने २०१८ च्या फेब्रुवारीत जाहीर केला, कर्ल या कमांडने नुसती ऑप्शन्स नावाची वेब रिक्वेस्ट टाकायची, लॉगिन नको पासवर्ड नको, की आयएलओचं वेब पेज आणि एसएसएच (दुरून कमांड द्यायचा मार्ग) दोन्ही गप्प. १० मिनिटांनी वॉचडॉग, म्हणजे अडकलेली चिप आपोआप सोडवणारी सोय, आयएलओला रिसेट करतो, तोवर पुढची रिक्वेस्ट तयार असली की परत तेच, म्हणजे एका ओळीच्या स्क्रिप्टने कोणीही तो कायमचा बंद ठेवू शकतो. साहेबांना एवढंच विचारा, रात्री दोन वाजता कर्नल पॅनिक होऊन ओएस बंद पडली आणि आयएलओचा रिमोट कन्सोल उघडेना, तर कसारा घाट उतरून कोण जाणार?

जुना_सिसअ‍ॅडमिन:
+१. आणि हे काही पहिल्यांदा नाही झालेलं. २०१४ ला हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधला बग आला तेव्हा सगळे तो शोधायला धडाधड स्कॅन मारत सुटले, आयएलओ-२ ला हार्टब्लीड नव्हताच, पण त्या स्कॅनच्या ट्रॅफिकनेच तो लॉक व्हायचा (सीव्हीई-२०१४-२६०१). वॉचडॉग वगैरे काही कामाला येत नव्हता, सर्व्हरची पॉवर केबल काढून परत लावायची, ब्लेड (एका खोक्यात ओळीने बसणारा पातळ सर्व्हर) असेल तर एन्क्लोजरमधून ओढून परत बसवायचं. म्हणजे आयएलओ सोडवायला चालता सर्व्हर पाडावा लागला!! २.२५ फर्मवेअरमध्ये ते दुरुस्त झालं. त्यामुळे ऑडिटवाले पुन्हा स्कॅन करणार असतील तर मॅनेजमेंट आयपी, म्हणजे आयएलओचे पत्ते, आधी विचारून मगच स्कॅनमध्ये घ्यायला सांगा.

नाशिकचा_अ‍ॅडमिन:
बापरे, हे माहीतच नव्हतं. अपडेटला डाउनटाइम मागावा लागेल का? तो मिळणं महाकठीण आहे इथे.

रॅकवाला:
नाही लागत. आयएलओच्या वेब पेजवरून १.८९ किंवा त्यापुढच्या फर्मवेअरची .bin फाइल चढवा, फक्त आयएलओ रिसेट होतो, ओएस चालूच राहते. एकदम सगळ्यांवर नको, आधी कमी महत्त्वाचं एक मशीन घ्या, रिसेटनंतर लॉगिन आणि कन्सोल नीट उघडतंय ना बघा, मग बाकीचे. आणि आयएलओ वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) हलवा, तिथे फक्त जंप सर्व्हरवरूनच, म्हणजे मधल्या एकाच ठरलेल्या मशीनवरून, जाता आलं पाहिजे, ऑफिसच्या लॅनमधून ४४३ हा वेब पेजचा पोर्ट उघडा ठेवलात तर उद्या नवा बग आला की परत हेच. जी-७ आता इतके जुने झालेत की पुढच्या बगला पॅच येईल याच्या भरवशावर राहू नका, म्हणून मी तर व्हीलॅनचं काम आधी करेन.