योजना सगळ्यांना पाठ आहेत, पण काम कुणाचंच होत नाही: आशांचं प्रशिक्षण कसं घ्यावं?

मोखाड्याची गटप्रवर्तक

नमस्कार सगळ्यांना. मी पालघर जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशांच्या (आरोग्य स्वयंसेविकांच्या) कामावर देखरेख करते. पुढच्या आठवड्यात माझ्या आशांना "शासकीय योजना व लाभ" या विषयावर एक दिवस शिकवायचं आहे. तालुक्यावरून पीपीटी आलीय, योजनेमागून योजना. मागच्या वर्षी अशीच दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा-बिस्किट झालं, हजेरीवर सह्या झाल्या.

आणि गावात काय चाललंय? एकीला बाळ होऊन चार महिने झाले, मातृवंदनेचा (आईला मिळणाऱ्या सरकारी मदतीचा) एक रुपया नाही. एका टीबीच्या पेशंटला पोषणाचे पैसे कधी येतात, कधी नाही. एका पाड्यावर फाटलेल्या ओठाचं बाळ आहे. आजी म्हणते, ग्रहणात असंच होतं. आशाला तिन्ही योजनांची नावं येतात. पुढे कुणाला गाठायचं ते येत नाही. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी मलाही येत नाही. मला कोण शिकवणार? वरून आशा म्हणतात, "ताई, हे अजून एक काम, याचा मोबदला किती?" त्यांचंही चुकतं असं नाही.

कुणी असं प्रशिक्षण नीट घेतलंय का?

सातपुड्याची ताई

ताई, मी धडगाव भागात बरीच वर्षं गटप्रवर्तक होते, आता प्रशिक्षक म्हणून फिरते. ती पीपीटी बाजूला ठेवा. तुमच्याकडे तीन घरं आहेत ना, त्यांच्यावरच दिवस काढा.

मातृवंदनेचं घर आधी घ्या. पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकदम. हे आशांना येतंच. त्यांना हे विचारा: तिच्या आधारवर नाव माहेरचं की सासरचं? बँकेत कुठलं? शेवटी आधार कुठल्या खात्याला जोडलं होतं? पैसे आधारवरून जातात, म्हणजे सध्या ज्या खात्याला आधार जोडलेलं आहे तिथे. बाई सांगते आले नाहीत, आणि पैसे पडलेले असतात लग्नाआधी माहेरी काढलेल्या जनधन खात्यात. आमच्याकडे अडलेल्या बायकांत हे इतक्या वेळा निघायचं की मी अर्ज बघायच्या आधी पासबुकं मागायचे, घरातली सगळी. पहिलटकरीण माहेरी गेली की आणखी घोळ. इकडच्या आशाला वाटतं तिकडची भरेल, तिकडचीला वाटतं सासरी भरलं असेल. म्हणून सातव्या महिन्यात दोन्ही आशांचा एकमेकींशी फोन झालाच पाहिजे, तो तुम्ही लावून द्यायचा.

ओठाचं बाळ: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलं तपासणारं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्याची वाट बघू नका. पथक ग्रामीण रुग्णालयात बसतं, बाळ तिथे न्या. पुढची शस्त्रक्रिया मोफत होते. पण आजी तयार झाली नाही तर सगळं फुकट, तेव्हा ग्रहणावर वाद घालत बसू नका. ऑपरेशन होऊन बरं झालेलं एखादं पोर जवळपास असेल तर त्याच्या आईला घेऊन जा.

मग नाटक करा. एक आशा आजाऱ्याची बायको, दुसरी दवाखान्यातला आरोग्यमित्र, म्हणजे महात्मा फुले या मोफत उपचारांच्या योजनेसाठी तिथे बसणारा माणूस. आरोग्यमित्र म्हणणार, "रेशनकार्ड ऑनलाइन दिसत नाही." आता काय? महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, पांढऱ्यालासुद्धा, ५ लाखांपर्यंत. पण दवाखाना योजनेत असला तरी तो त्या आजारासाठी आहे का, हे घरून निघायच्या आधी १५५३८८ वर विचारायचं. नाशिकला पोचल्यावर नाही. हा फोन प्रत्येक आशाने तिथे बसून, स्वतःच्या मोबाइलवरून, सगळ्यांसमोर लावावा. पहिल्यांदा आवाज थरथरतो, दुसऱ्यांदा नाही.

आता तुमचं स्वतःचं. आशा अडली की ती तुम्हाला विचारणार, म्हणून तुम्हाला माणसं माहीत हवीत. टीबीचे महिन्याला १,००० रुपये अडले तर तालुक्याचे एसटीएस, म्हणजे टीबीच्या उपचारांचे पर्यवेक्षक. विधवा किंवा अपंगांचं अनुदान तहसीलमधल्या संगांयो (संजय गांधी निराधार योजना) शाखेत, तिथे उत्पन्नाचा दाखला अडवतो. या दोघा-तिघांना प्रशिक्षणात अर्धा-अर्धा तास बोलवा. भाषण नको. फक्त "माझ्याकडे कागद आला की काय कमी असतं" एवढं सांगायला लावा. एकदा तोंडओळख झाली की पुढे फोन उचलतात.

वाड्यावरची आशा

मी आशा आहे म्हणून आमच्या बाजूनं लिहिते. कृपा करून नवीन रजिस्टर काढू नका. आमच्या भेटीच्या डायरीतच मागची दोन पानं ठेवा: कुणाचं काय अडलंय, कुणाला भेटलो, काय म्हणाला, परत कधी. आणि "पाठवलं" म्हणजे झालं असं धरू नका. पैसा हातात आला, ऑपरेशन झालं, तरच टिक.

दुसरं, आम्हाला "मिळेल" म्हणायला शिकवू नका. दोनदा तालुक्याला नेलं, एसटीचं भाडं गेलं, मजुरी बुडाली आणि काम नाही झालं, की शिव्या आम्हाला. पुढच्या वेळी लसीकरणालासुद्धा दार उघडत नाहीत. "विचारून सांगते" म्हणायचं आणि खरंच सांगायचं. "नाही होणार" हेसुद्धा.

टीबीवाल्याला पैशाचं ओट्यावर सगळ्यांसमोर विचारू नका. हे लेखी कुठेच नसतं, पण महत्त्वाचं आहे.

रुग्णालय समाजसेवक, पुणे

एक भर घालतो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. हे सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१एए खाली आहे, योजना २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू आहे. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. अडचण अशी की लोक बिल हातात पडल्यावर आमच्याकडे येतात. आशांना एवढंच शिकवा: भरती होतानाच समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा आणि पिवळं रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला पहिल्याच दिवशी द्या. नंतर सवलत मिळवून द्यायला आम्हालाही फार झगडावं लागतं.

मोखाड्याची गटप्रवर्तक

सगळ्यांचे आभार. एसटीएस साहेब यायला तयार झालेत, संगांयोचे बघतो म्हणाले. वरिष्ठांना पीपीटी हवीच आहे, फोटोला. एक स्लाइड लावून ठेवते.

एक राहिलं. दिवाळीनंतर आमची अर्धी घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, गरोदर बायकासुद्धा. तेव्हा काय करता?

सातपुड्याची ताई

आमची गुजरातला ऊसतोडीला जातात, तोच प्रकार. निघायच्या आधी माता-बाल कार्ड, आधार आणि पासबुक एका पिशवीत घालून द्या. कार्डाच्या मागे तुमच्या आशाचा नंबर मोठ्या अक्षरात. मुकादमाचा नंबर घ्या, त्याच्याशिवाय भट्टी सापडत नाही. बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, गाडी हे जननी शिशु सुरक्षेत कुठल्याही सरकारी दवाखान्यात मोफत आहे, गाव कुठलंही असो. हे बाईला स्वतःला सांगता आलं पाहिजे, तेव्हा नाटकात तिलाही घ्या. आणि तिकडच्या गटप्रवर्तकाचा नंबर हवा असेल तर मेसेज करा, भिवंडीतल्या एका ताईंना मी ओळखते.