प्रति: पोपट नुसती नक्कलच करतो?

ॲलेक्स हा बोलणारा पोपट पाठ केलेलंच बोलायचा, असा आक्षेप घेतला जातो; पण त्याला शिकवणाऱ्या संशोधिका आयरीन पेपरबर्ग यांची पद्धत पाहिली की तो टिकत नाही. बाई मूळच्या हार्वर्डच्या सैद्धांतिक रसायनशास्त्राच्या. १९७७ साली त्यांनी हा आफ्रिकन करडा पोपट दुकानातून घेतला.

शिकवायला माणसं दोन. एक वस्तू दाखवून विचारणार, दुसरा उत्तर देणार. बरोबर आलं तर तीच वस्तू हातात, चुकलं तर दटावणी आणि वस्तू नजरेआड. मग भूमिकांची अदलाबदल. पोपट हे सगळं बघतो आणि मध्येच त्यालाही विचारतात. कळीचा मुद्दा बक्षिसाचा: 'किल्ली' म्हटलं की किल्लीच मिळायची. दर वेळी दाणा दिला तर शब्दाची सांगड वस्तूशी न बसता खाण्याशी बसते. किल्ली नकोशी असेल तर ती मिळाल्यावर तो दुसरं काही मागू शकत असे. माणसांऐवजी व्हिडिओ लावून पाहिला, तर शिकणं झालंच नाही!

चाचणीत प्रश्नांची सरमिसळ असे. एक हिरवा आणि एक निळा लाकडी त्रिकोण समोर धरून "वेगळं काय?" विचारलं की 'रंग', "सारखं काय?" विचारलं की 'आकार' किंवा पदार्थ. वस्तू त्याच, प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. नुसत्या पाठांतराने हे कसं जमेल?