मदत हवी आहे: गावात पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय करतोय, शिपायांच्या नोंदी कुठे मिळतील?

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. पहिल्या महायुद्धात इथले बरेच जण मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले होते, त्यांच्यावर छोटं संग्रहालय आणि अभ्यास केंद्र करायचंय. जुन्या शाळेच्या खोल्या मिळाल्यात, ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे चालू आहे, त्यामुळे तो सल्ला नको प्लीज.

अडलंय नावांवर. जे परतले त्यांच्या घरी मेडल्स आहेत, चांदीच्या मेडलच्या कडेला नंबर, नाव आणि पलटण बारीक कोरलेलं असतं (काहींनी राखेने घासघासून तेही पुसत आणलंय, असो). पण जे तिकडेच मारले गेले त्यांचं काय? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (युद्धात मेलेल्यांच्या कबरी-स्मारकं सांभाळणारी संस्था) साइट चाळली, इराकमधल्या बसरा स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावंच नाहीत, पलटणीनुसार नुसते आकडे, आणि ऑनलाइन यादीत गावांची स्पेलिंग अशी की आपलंच गाव ओळखू येत नाही. लाहोर म्युझियममध्ये पंजाबच्या सैनिकांची गाववार रजिस्टरं होती, ती आता ऑनलाइन आलीत. तशी मुंबई इलाख्याची गाववार नोंद मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा दिल्लीला कोणी स्वतः पाहिलीय का, आणि बघायला अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा?