फ्रान्समधल्या भारी हॉटेलातली ती एक रात्र : तुम्ही कसं निवडलंत? (अनुभव धागा)

दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावरच्या बॅगेतून आज पांढऱ्या मऊ सपातांचा जोड निघाला, अजून पिशवीतच. हातात घेतला आणि झाडू तसाच राहिला.

२०१९ मध्ये लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून पॅरिसला गेलो होतो. आठ रात्री गार द लियाँ स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात, आणि शेवटची एक 'होऊन जाऊ दे' म्हणून. आता कुठलं घ्यायचं? अहोंनी एक्सेल शीट केली. रिट्झ म्हणजे नाव. १८९८ चं, फॅशनवाली कोको शनेल वर्षानुवर्षं तिथेच राहिली आणि १९७१ मध्ये गेली तीही तिथेच. क्रियाँ म्हणजे अठराव्या शतकातली इमारत. पण ह्यांना महायुद्धाचं वेड. ल मरीसमध्ये जर्मनांचं मुख्यालय होतं, २५ ऑगस्ट १९४४ ला त्यांच्या जनरल फॉन कोल्टिट्झला तिथेच पकडलं, म्हणून ह्यांचं मत तिकडे. मला फक्त रस्त्यापलीकडची त्युइलरी बाग दिसत होती. कधी नव्हे ते एकमत! सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात दोन तोळे आले असते.

बागेकडची खोली परवडेना, आतल्या चौकाकडची घेतली. नाश्ताही धरला नव्हता. सकाळी दोघं पांढरे झगे घालून संगमरवरी बाथटबच्या काठावर बसलो आणि घरच्या चकल्या खाल्ल्या. बाथरूममध्ये अशासाठी, की गालिच्यावर चुरा नको. मग सातला बाग उघडल्या उघडल्या रस्ता ओलांडून गेलो. हिरव्या लोखंडी खुर्च्या दवाने ओल्या, माणूस नाही.

तुम्ही राहिला असाल तर लिहा. कसं निवडलंत, आणि लक्षात काय राहिलं?

चहाबाज
बाथटबच्या काठावर चकली! हसून हसून पुरेवाट. ऑफिसात वाचतोय, शेजारचा विचारतोय काय झालं.

मांडवीकर
आमचं पॅरिस नाही, नीस. मुलगा तुलूझला विमानांच्या कंपनीत, त्याने आईबाबांसाठी नेग्रेस्को बुक केलं. गुलाबी घुमटवालं, १९१३ चं. मी त्याला म्हटलं होतं, अरे गुडघे दुखतात तिचे, लिफ्टजवळ बघ. त्याने तेवढ्या एका गोष्टीवर निवडलं म्हणे, बाकी काही बघितलंच नाही. आत काचेच्या मोठ्ठ्या घुमटाखाली एक झुंबर आहे, १६,३०९ स्फटिकांचं. आमच्या सौ.ने मान वर केली ती तशीच. म्हणाली, पुसत कसे असतील हो? प्रत्येक खोलीची सजावट वेगळी. एक बाई १९५७ पासून हे हॉटेल चालवत होत्या, त्यांनी जमवलेली चित्रं भिंतीभिंतीवर.

पण खरी मजा समोर. प्रोमनाद दे झांग्लेवर निळ्या खुर्च्या टाकलेल्या असतात, तिथे तीन तास बसलो. समुद्र निळा म्हणजे किती निळा! आणि वाळू नाहीच, नुसते गोटे. मी रत्नागिरीचा माणूस, गोट्यांवर चालायला लागलो तर कोंबडीसारखी चाल. सौ. अजून नक्कल करते.

एकदाच_गेले
नाव नाही घेत हॉटेलचं, पण "आयफेल दिसणारी खोली" म्हणून जास्तीचे पैसे मोजले. गेलो तर टॉवर कुठेच नाही! खाली फोन केला. त्यांनी माणूस पाठवला, तो बाथरूमच्या खिडकीत उभा राहून डावीकडे वाकला आणि बोटाने दाखवला. टॉवरची एक बाजू, तीही धुराड्याच्या मागून. बुकिंगच्या पानावर 'अंशतः' असा शब्द होता, नवऱ्याने वाचला नव्हता. (नवऱ्याने म्हणजे मी.) रात्री अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवर चमचमतो ना, तेव्हा आम्ही दोघं आळीपाळीने कमोडच्या झाकणावर उभे. भांडलोही, हसलोही.

चहाबाज
या धाग्यावर सगळं बाथरूममध्येच का घडतंय?

हिशेबी
निवडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फ्रान्समध्ये पाच तारे हा अधिकृत दर्जाच २००९ पासून आला, त्याआधी चारवर संपायचं. आणि २०१० पासून पाचच्याही वर 'पालास' असा किताब काढला. पर्यटनाची सरकारी संस्था पाच वर्षांसाठी देते, अख्ख्या देशात तीसएक हॉटेलं. पण त्यावर जाऊ नका, खुद्द रिट्झकडे कित्येक वर्षं तो किताब नव्हता. काय बिघडलं त्यांचं?

शिवाय शहराचा मुक्काम-कर वेगळा. २०२४ पासून पॅरिसात वाढलाय, पालास असेल तर माणशी रात्रीला पंधराएक युरो. मूळ भाड्यापुढे काहीच नाही, पण आमच्या वडिलांनी नेमका त्याच आकड्यावर वाद घातला. सेवेचे पैसे मात्र बिलातच धरलेले असतात, टिप नाही दिली तरी कोणी वाईट बघत नाही.

नवी_सभासद
व्हिसाला हॉटेलचं बुकिंग आधी दाखवावं लागतं का? आणि रद्द करता येणारं चालतं का? मे मध्ये जायचंय.

हिशेबी
हो, राहण्याचा पुरावा लागतो. रद्द होणारं घ्या. व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो. मे मध्ये कान शहर, नीस बाजूला जाणार असाल तर चित्रपट महोत्सवाच्या तारखा टाळा, भाव बघून घेरी येईल.

नवी_सभासद
धन्यवाद दादा. कान नाही, मेरीमातेच्या लूर्दला जायचंय, सासूबाईंचा नवस आहे. वसईच्या आम्ही.

जुना_प्रोजेक्टर
राहिलो नाही, तरी लिहितो. आम्ही ऑपेराच्या मागे एका काडेपेटीत उतरलो होतो, बॅग उघडली की दार उघडत नसे. पण रोज सकाळी स्क्रीब हॉटेलवरून जायचो. २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून सिनेमाचा पहिला खेळ केला तो याच इमारतीच्या तळघरात. तिथे तेव्हा ग्राँ काफे होतं आणि तळघरातल्या दालनाचं नाव काय, तर 'सालों इंदियँ', भारतीय दालन! तिकीट एक फ्रँक, पहिल्या दिवशी पैसे देणारे ३३ जण. आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईत पहिला खेळ कुठे? तोही हॉटेलातच, काळाघोड्याच्या वॉटसनमध्ये, एक रुपया तिकीट. स्क्रीब आज पंचतारांकित आणि आपलं वॉटसन कुठल्या अवस्थेत आहे ते जाऊन बघा. असो. बायको म्हणाली, आत कॉफी तरी पिऊ. प्यायलो. कप छोटा, बिल मोठं, पण तासभर कोणी उठवलं नाही.

शांता_नव्हे
माझी निवड पॅरिसचं ल्युतेतिया. सीन नदीच्या डाव्या तीरावरचं, १९१० चं. १९४५ मध्ये छळछावण्यांतून सुटून आलेल्यांना तिथे आणत, घरचे लोक फोटो घेऊन रोज उभे असत. भिंतीवर पाटी आहे. मी पाटी वाचून आत गेले आणि त्या रात्री खोलीतली फळांची परडी काही खाववली नाही. चूक की बरोबर माहीत नाही.

सावंतवाडीचो
मी उलट्या बाजूचा. हॉटेल मॅनेजमेंट करून पॅरिसात अशाच एका हॉटेलात दीड वर्ष खोल्या लावल्या. नाव नको. ऐका :

हॉटेलला थेट मेल करा आणि कशासाठी येताय ते लिहा. लग्नाचा वाढदिवस, आईची पहिली परदेशवारी, काहीही. ते वाचलं जातं, खोली वाटताना बघतात. जानेवारी आणि जुलैत कपड्यांचे मोठे शो असतात तेव्हा नको. कोटाच्या कॉलरवर सोनेरी चाव्यांची जोडी लावलेला माणूस दिसला की त्यालाच विचारा, तो अशक्य टेबल मिळवून देतो.

आता माझी आठवण. एका खोलीत गेलो तर पलंग आधीच लावलेला. चादर चौघडी करून पायथ्याशी, टॉवेल वाळत घातलेले, केर नाही. उशीवर टिश्यूत गुंडाळलेल्या आंबावडीच्या दोन वड्या. पाहुण्या आजी आपल्याकडच्या होत्या, नंतर लिफ्टजवळ भेटल्या. मी मराठीत बोललो तर मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, दुसऱ्याच्या घरी राहिलो की आपलं अंथरूण आपण उचलायचं." आंबावडी मी चादरींच्या खोलीत दार लावून खाल्ली. आठ महिने घरी गेलो नव्हतो.

मांडवीकर
डोळ्यात पाणी आणलंस रे मुला. आता कुठे असतोस?

सावंतवाडीचो
वेंगुर्ल्याक, काका. चार खोल्यांचा होमस्टे. येवा. उशीवर आंबावडी मिळता.

धागाकर्ती
सगळ्यांना वाचतेय, फराळाच्या मधे मधे. सपातांचा निकाल : हे सकाळी त्याच घालून कचऱ्याची बादली ठेवायला खाली गेले. पावसाचं पाणी साचलेलं. पिशवीत होत्या ते बरं होतं.

नवी_सभासद
ताई, चकलीची भाजणी घरची होती की विकतची? माझी तेलात विरघळते.

धागाकर्ती
घरची. मोहन जास्त होत असेल तुमचं. पीठ केवढं घेता ते सांगा आधी.